सत्तर टक्के इभ्रतीसाठी

टी.ई.ला सेमिनारसाठी माझ्या वाट्याला 'ग्रामीण विद्युतीकरण' हा विषय आला. घेतला असं म्हणणार नाही. रोबोटिक्स, फझी लॉजिक वगैरे चकचकीत विषय आधीच्या रोल नंबरांनी पळवल्यावर तो उरला होता! मग मुकाट्याने लायब्ररीत बसलो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या डोंगराळ भागात वीज कशी पोचली हे वाचत असताना एकच नाव पुन्हा पुन्हा समोर येऊ लागलं – लिंडन बेन्स जॉन्सन. हे नाव मला माहीत होतं, पण वेगळ्याच कारणासाठी. व्हिएतनामचं युद्ध वाढवणारा अमेरिकेचा अध्यक्ष तो हाच. खेड्यातल्या बायकांचे कष्ट कमी व्हावेत म्हणून धडपडणारा माणूस आणि परक्या देशात पाच लाखांवर सैनिक पाठवणारा माणूस एकच कसा, हा प्रश्न डोक्यातून जाईना. सेमिनार झाला, मार्कही मिळाले, पण वाचन थांबलं नाही. त्याच सुमारास आमच्या ग्रुपचा एक प्रोजेक्ट गळ्याशी आला होता, त्यामुळे हा माणूस मला जरा जास्तच ओळखीचा वाटला. त्याबद्दल शेवटी सांगतो.

जॉन्सनचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ चा. टेक्सासमध्ये पेडर्नालेस नदीच्या काठी, स्टोनवॉल गावाजवळच्या एका शेतघरात. वडील सॅम जॉन्सन राज्याच्या विधिमंडळात निवडून गेलेले, गावात मान असलेले गृहस्थ. पण त्यांनी कापसाच्या शेतीत पैसा घातला, भाव कोसळले आणि घर कर्जात बुडालं. कापूस आणि कर्ज या दोन शब्दांचं नातं आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. काल ज्यांना लोक वाकून नमस्कार करत होते त्यांच्याकडे आज लोक उधारी मागत होते. घरची इभ्रत जाताना पोरसवदा लिंडनने डोळ्यांनी पाहिली. चारचौघांत मान खाली जाण्याची भीती त्याच्या मनात तेव्हा बसली ती कायमची, असं त्याच्या चरित्रकारांचं मत आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॉलेज शिकताना पैसे संपले म्हणून १९२८ मध्ये त्याने वर्षभर शिक्षण थांबवलं आणि कोटुला नावाच्या गावात मास्तरकी केली. शाळा मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांची. मुलं सकाळी उपाशीपोटी वर्गात येऊन बसायची. या वीस वर्षांच्या मास्तराने आपल्या पगारातून त्यांच्यासाठी खेळाचं साहित्य आणलं. ती मुलं तो शेवटपर्यंत विसरला नाही.

१९३७ मध्ये तो अमेरिकी संसदेत निवडून गेला. आता आपल्या विषयाची गोष्ट. त्याच्या मतदारसंघात वीज नव्हती. बायका विहिरीतून पाणी शेंदायच्या, चुलीवर लोखंडी इस्त्र्या तापवायच्या आणि रात्री रॉकेलच्या दिव्यावर घर चालायचं. खासगी वीज कंपन्यांना तिथे खांब टाकणं परवडत नव्हतं. सरकारी कर्ज मिळवायचं तर नियम असा, की लाईनच्या दर मैलामागे किमान तीन ग्राहक हवेत. या विरळ वस्तीच्या डोंगराळ भागात ते कुठून आणणार? जॉन्सन थेट अध्यक्ष रूझवेल्टकडे गेला आणि नियमाला सूट मिळवून आला. पेडर्नालेस नदीच्या नावाने वीज सहकारी संस्था उभी राहिली आणि १९३९ मध्ये त्या घरांतून दिवे लागले. आपल्याकडच्या सहकारी संस्था पाहिलेल्या माणसाला यात काय ताकद आहे ते लगेच कळेल. राजकारणात पुढे इतकं मोठं काम करूनही या विजेच्या कामाचा त्याला विशेष अभिमान होता.

पुढची चढण थोडक्यात सांगतो. १९४८ ची सिनेटची उमेदवारी जवळजवळ दहा लाख मतांमध्ये अवघ्या ८७ मतांनी मिळवली. त्या मतमोजणीत गडबड झाल्याचा आरोप त्याला आयुष्यभर चिकटला. १९५५ मध्ये तो सिनेटमधला बहुमताचा नेता झाला आणि त्याच वर्षी त्याला हृदयविकाराचा मोठा झटका आला. १९६१ मध्ये केनेडीचा उपाध्यक्ष. आणि २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये केनेडीचा खून झाल्यावर विमानातच शपथ घेऊन अध्यक्ष.

अध्यक्ष म्हणून पहिल्या दोन वर्षांत त्याने केलेलं काम बघितलं की थक्क व्हायला होतं. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा, म्हाताऱ्या माणसांसाठी मेडिकेअर, गरिबांच्या शाळांना केंद्राचा पैसा. शिक्षणाच्या कायद्यावर सही करायला तो आपल्या गावाकडच्या लहानपणीच्या एकखोली शाळेत गेला आणि पहिलीच्या बाईंना शेजारी बसवून सही केली. कृष्णवर्णीयांना कागदावरचा हक्क प्रत्यक्षात मिळाला तो बराचसा या दक्षिणेकडच्या गोऱ्या माणसामुळे. पण आज त्याचं नाव काढलं की लोकांना व्हिएतनामच आठवतं.

व्हिएतनाम त्याने सुरू केलेलं नव्हतं. १९५४ मध्ये दिएन बिएन फू इथे फ्रेंचांचा पराभव झाला, जिनिव्हा करारात देश उत्तर-दक्षिण विभागला गेला. (त्या करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं.) उत्तरेत हो चि मिन्हचं कम्युनिस्ट सरकार, दक्षिणेत अमेरिकेच्या आधाराने उभं असलेलं सरकार. आयसेनहॉवरने मदतीचा शब्द दिला, केनेडीने सल्लागार पाठवले. जॉन्सन आला तेव्हा तिथे सुमारे १६ हजार अमेरिकन होते. म्हणजे शब्द दुसऱ्यांनी दिलेला, पण तो पाळायची वेळ याच्यावर आली.

खरी गंमत, किंवा खरं दुःख, पुढे आहे. जॉन्सनला हे युद्ध जिंकता येईल असं मनापासून वाटतच नव्हतं. तो आपले फोन गुपचूप रेकॉर्ड करायचा आणि त्या टेप पुढे खुल्या झाल्या. २७ मे १९६४ च्या टेप त्यात आहेत. (योगायोग असा, की त्याच दिवशी दिल्लीत पंडित नेहरू गेले.) त्या दिवशी तो आपला जुना मित्र सिनेटर रसेल आणि सुरक्षा सल्लागार बंडी यांच्याशी बोलला. ही जागा लढण्याच्या लायकीची वाटत नाही आणि बाहेर पडायची वाटही दिसत नाही, असा त्या बोलण्याचा सूर आहे. आपली कामं करणाऱ्या एका सार्जंटला सहा लहान मुलं आहेत, त्याला मी तिकडे कशासाठी धाडू, असंही तो बंडीला विचारतो. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. ज्याला सगळं दिसत होतं त्यानेच पुढे पाच लाख लोक पाठवले!

मग पाठवले का? तर इभ्रत. १९४९ मध्ये चीन कम्युनिस्टांकडे गेला तेव्हा ट्रुमनची झालेली फजिती त्याने पाहिली होती. १९३८ मध्ये म्युनिकला हिटलरपुढे नमतं घेतल्याचा परिणाम त्याच्या अख्ख्या पिढीने भोगला होता. आपण व्हिएतनाममधून निघालो तर बर्लिनपासून टोकियोपर्यंत कोण आपल्या शब्दावर विश्वास ठेवेल, हा प्रश्न त्याला झोपू देत नव्हता. आणि आत कुठेतरी कर्जबाजारी बापाचा तो मुलगा होताच.

ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर हल्ले झाल्याची बातमी आली. २ तारखेचा हल्ला खरा होता. ४ तारखेचा झालाच नव्हता हे पुढे सिद्ध झालं. पण तेवढ्यावर संसदेने त्याला मोकळा हात दिला – कनिष्ठ सभागृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. नोव्हेंबरमध्ये तो ६१ टक्के मतं घेऊन निवडून आला, तेही युद्ध वाढवणार नाही असं भासवून. मार्च १९६५ मध्ये उत्तरेवर नियमित बॉम्बफेक सुरू झाली आणि ८ मार्चला दा नांगच्या किनाऱ्यावर मरीन सैनिक उतरले.

त्याच महिन्यात, २४ मार्चला, संरक्षण खात्यातला वरिष्ठ अधिकारी जॉन मॅकनॉटन याने एक टिपण लिहिलं. आपण व्हिएतनाममध्ये का आहोत याचं त्याने चक्क टक्केवारीत उत्तर दिलं. मानहानिकारक पराभव टाळण्यासाठी ७० टक्के. तो प्रदेश चीनच्या हाती जाऊ नये म्हणून २० टक्के. आणि दक्षिण व्हिएतनामच्या लोकांना चांगलं, मोकळं जीवन मिळावं म्हणून १० टक्के. १९७१ मध्ये पेंटॅगॉनची गुप्त कागदपत्रं छापली गेली तेव्हा जगाला हे आकडे कळले. आपण इंजिनिअर लोक सगळ्याचे टक्के काढतो, पण इतकी प्रामाणिक आणि इतकी भयानक टक्केवारी मी दुसरी पाहिली नाही. ज्यांच्या नावाने युद्ध चाललं होतं, त्यांच्या वाट्याला दहा टक्के!

कुणी अडवलं नाही का? अडवलं. उपाध्यक्ष हम्फ्रीने फेब्रुवारी १९६५ मध्येच लिहून दिलं, की एवढ्या मोठ्या विजयानंतर हेच वर्ष बाहेर पडायला सोयीचं आहे. बक्षीस म्हणून त्याला व्हिएतनामच्या बैठकांतून दूर ठेवलं गेलं. परराष्ट्र खात्यातला जॉर्ज बॉल तर सतत विरोध करत राहिला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीचा परिणाम मोजणाऱ्या पाहणीत त्याने काम केलं होतं, फ्रेंचांची व्हिएतनाममधली फरफटही जवळून पाहिली होती. जुलै १९६५ च्या बैठकीत जॉन्सनने त्याला नेमका आपला प्रश्न विचारला: तीन अध्यक्षांनी दिलेला शब्द मोडला तर अमेरिकेची पत जाणार नाही का? बॉलचं म्हणणं असं, की जगातली सर्वांत बलाढ्य सत्ता मूठभर गनिमांना हरवू शकत नाही हे दिसलं, तर पत त्याहून जास्त जाईल. जॉन्सनने ऐकून घेतलं, वाद घातला आणि २८ जुलैला आणखी ५० हजार सैनिक जाहीर केले.

पुढचे आकडेच बोलके आहेत. १९६५ च्या अखेरीस १ लाख ८४ हजार, १९६७ च्या अखेरीस सुमारे ४ लाख ८५ हजार, १९६८ च्या अखेरीस ५ लाख ३६ हजार सैनिक. कंट्रोल सिस्टीमच्या पेपरात आपण पॉझिटिव्ह फीडबॅक शिकतो ना, तसंच हे! आऊटपुट परत इनपुटमध्ये मिळवलं जातं आणि सिस्टीम हाताबाहेर जाते. शंभर माणसं गेली, की ती वाया गेली असं म्हणायचं नाही म्हणून हजार पाठवायची. हजार गेली की इभ्रत आणखी अडकली, मग दहा हजार. यात थांबा असं सांगणारा सिग्नल कुठूनच येत नाही, कारण प्रत्येक नुकसान हेच पुढे जाण्याचं कारण बनतं.

यातही जुना वीजवाला जॉन्सन मधूनच डोकं वर काढतो. ७ एप्रिल १९६५ च्या भाषणात त्याने मेकाँग नदीच्या विकासासाठी शंभर कोटी डॉलर देऊ केले. धरणं, वीज, पाणी – पेडर्नालेसला जे केलं ते मेकाँगला करू, हो चि मिन्हही त्यात येऊ शकतो. त्याला खरंच वाटत होतं, की धरण पाहून समोरचा माणूस सौदा करेल. पण हो चि मिन्हला टेक्सासचा आमदार समजणं ही चूक होती. त्याचा लढा परकी सत्ता घालवण्याचा होता, त्यात सौद्याला जागाच नव्हती.

या कथेचा एक धागा आपल्या घरापर्यंतही येतो. माझी आजी सांगते, १९६६ च्या सुमारास रेशनच्या दुकानात अमेरिकेचा लाल गहू मिळायचा, पोळी वातड व्हायची, पण रांगेत उभं राहून तोच आणावा लागायचा. तो पी.एल. ४८० चा गहू. सलग दोन वर्षं पाऊस नव्हता, बिहारमध्ये दुष्काळ होता. तेव्हा जॉन्सनने भारताला धान्य एकदम न देता थोडं थोडं, महिन्याच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली. आपण शेतीकडे नीट लक्ष द्यावं हे एक कारण होतंच. पण भारत व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीवर टीका करतो याचा रागही होता. जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत बॉम्बफेक थांबवण्याची मागणी केली तेव्हा तो चांगलाच चिडला. लांबच्या युद्धातली इभ्रत आजीच्या पिठाच्या डब्यापर्यंत पोचली होती ती अशी.

जानेवारी १९६८ च्या अखेरीस, टेट या त्यांच्या नववर्षाच्या सणात, कम्युनिस्टांनी दक्षिणेतल्या शंभरावर शहरांवर आणि गावांवर एकदम हल्ले केले. लष्करी दृष्ट्या ते परतवले गेले, पण विजय जवळ आला आहे असं वर्षभर ऐकणाऱ्या अमेरिकन जनतेचा विश्वास उडाला. म्हणजे परदेशातली पत राखता राखता घरातली पत गेली. सेनापतीने आणखी २ लाख ६ हजार माणसं मागितली. युद्धाचे आकडे मांडणारा संरक्षणमंत्री मॅकनमाराच खचून बाहेर पडला होता. ३१ मार्च १९६८ ला जॉन्सनने दूरदर्शनवर सांगितलं, की उत्तरेवरची बरीचशी बॉम्बफेक थांबवतो आहे आणि आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही.

जानेवारी १९६९ मध्ये तो गावी परतला. केस लांब वाढवले, गुरं-शेती पाहत राहिला. २२ जानेवारी १९७३ ला, वयाच्या ६४ व्या वर्षी, आपल्या शेतघरातच हृदयविकाराने गेला. पाचच दिवसांनी, २७ जानेवारीला, पॅरिसमध्ये शांतता करारावर सह्या झाल्या. त्याच्या नंतर आलेल्या निक्सननेही सन्मानाने बाहेर पडायचं म्हणून चार वर्षं घेतली आणि त्या काळात आणखी वीस हजारांवर अमेरिकन मेले. एकूण ५८ हजारांहून अधिक. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार त्यांचे सुमारे ११ लाख सैनिक आणि दोन्हीकडचे मिळून २० लाखांपर्यंत नागरिक गेले. आणि ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडायचं ते पडलंच.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. पत ही काही खोटी गोष्ट नाही. दिलेला शब्द मोडणाऱ्या देशावर लहान मित्रराष्ट्रं विसंबत नाहीत. अमेरिका व्हिएतनाममध्ये थांबली म्हणून आम्हाला सावरायला वेळ मिळाला, असं सिंगापूरचे ली क्वान यू शेवटपर्यंत मानत होते. १९७५ मध्ये लाओस आणि कंबोडियाही कम्युनिस्टांकडे गेले आणि कंबोडियात तर भयंकर नरसंहार झाला. म्हणजे भीती अगदीच निराधार नव्हती.

पण पुढे काय झालं तेही पाहा. जपान, पश्चिम जर्मनी, नाटोतले देश – कुणीही अमेरिकेला सोडून गेलं नाही. १९७९ मध्ये चीन आणि व्हिएतनाम हे दोन कम्युनिस्ट देशच एकमेकांशी लढले. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन संपलं. १९९५ मध्ये अमेरिका आणि व्हिएतनाम यांचे राजनैतिक संबंध सुरू झाले. ज्या पतीच्या भीतीने एवढी माणसं गेली, ती पत पराभवानंतरही शिल्लक होती. २०२१ मध्ये वीस वर्षांनी अफगाणिस्तानातून निघतानाही हाच वाद पुन्हा रंगला, म्हणजे प्रश्न जुना झालेला नाही.

माझ्यापुरतं उत्तर असं. देशाची पत हे युद्धात उतरण्यापूर्वी दहादा विचार करायचं कारण असू शकतं. पण जे युद्ध जिंकता येणार नाही हे आपल्यालाच ठाऊक आहे, ते लांबवण्याचं कारण ती होऊ शकत नाही. कारण इभ्रत एकाची वाचते आणि किंमत दुसराच मोजतो. त्या सार्जंटची सहा मुलं जॉन्सनला एकदा दिसली होती. तो हिशेब तिथेच थांबून पुरा केला असता तर?

आता आमच्या प्रोजेक्टचं. छोट्या पवनचक्कीवर चालणारा बॅटरी चार्जर आम्ही गॅदरिंगच्या प्रदर्शनात चालवून दाखवणार असं मी, ग्रुप लीडर म्हणून, सगळ्या डिपार्टमेंटला सांगून बसलो होतो. दोनदा कॉईल जळली. चौघांनी मेसच्या पैशांतून वर्गणी काढली, तिसऱ्यांदा गुंडाळली, तीही जळली. आमच्यातल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हे होणार नाही, आता अभ्यासाला बसू. ज्युनिअर्स हसतील म्हणून मी ऐकलं नाही. प्रदर्शनात चार्जर चालला नाहीच, आणि त्याला दोन विषयांत के.टी. लागली. माझी नाही लागली. ज्युनिअर्स हसले ते दोन दिवस. त्याचं मात्र अख्खं सेमिस्टर गेलं.

पाच लाख सैनिक आणि एक जळकी कॉईल यांची तुलना होत नाही हे मलाही कळतं. पण मुळातली चूक मी ओळखतो, कारण ती मी केली आहे. परवा हा लेख त्या मित्राला वाचायला दिला. त्याने वाचला, काही बोलला नाही, एवढंच विचारलं, की पुढच्या प्रोजेक्टला लीडर कोण. मी म्हटलं, तू.

– बी.ई. (विद्युत)